भुंगा अजून बोलत नाही

३ मार्च

आज भुंगा बोलला. सकाळी खिडकीशी नातवाला मांडीवर घेऊन होडीची कविता म्हणत होतो. ती आम्हांला दुसरीला होती. गुरुजी टेबलावर डस्टर आपटून ताल धरायचे आणि खडूचा धुरळा उडायचा, तो उन्हात सोन्यासारखा दिसायचा. मीही भुंग्याच्या पाठीवर तळव्याने तसाच ताल धरतो. कडवं संपलं आणि त्याने माझ्याकडे बघून तोंड उघडलं. स्पष्ट 'आबा' म्हणाला. निदान 'आ' तरी म्हणालाच.

हिला ओरडून सांगितलं. ही ओट्यापाशी होती. म्हणाली, "मला नाही काही ऐकू आलं."

"तुझं लक्ष कुठे असतं?"

"वा! ऐकू येत नाही तुम्हांला, आणि लक्ष माझं नसतं होय?"

तेही खरंच. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात उभा जन्म गेला. मोटारींच्या घरघरीत माझे कान तिथेच राहिले, मी तेवढा निवृत्त होऊन घरी आलो. त्यामुळे आमच्या घराला एक वळण पडलं आहे. मला कुणी नुसती हाक मारत नाही. ही लाकडी जमिनीवर पाय आपटते, फळ्या थरथरतात, मी वळतो. लेक दिवा चालू-बंद करते. बोलायचं ते समोर येऊन, तोंडाकडे तोंड करून आणि मोठ्याने. पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला वाटतं, आपण भलत्या वेळी आलो, यांचं भांडण जुंपलंय.

भुंग्याला या सगळ्याची जन्मापासून सवय आहे. पाय आपटला की माझ्याआधी तो वळतो. हुशार आहे. कागदोपत्री त्याचं नाव मोठं भारदस्त आहे, पण ओठ मिटून दिवसभर गुणगुणतो म्हणून मी त्याला भुंगा म्हणतो.

७ मार्च

लेक दुकानातून आली ती चप्पल काढायच्या आधीच त्याच्यासमोर बसली. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. जावई दूर कुठेतरी पुलाच्या कामावर असतो, म्हणून ती आणि भुंगा आमच्याकडे राहतात. दिवसभर तो माझ्या ताब्यात.

"आज काही बोलला?"

"परवा 'आबा' म्हणाला, सांगितलं ना."

"आज, बाबा. आज."

मी म्हणालो, मुलगे उशिरा बोलतात. आमची आई सांगायची, मी तीन वर्षांचा होईपर्यंत तोंडातून शब्द काढला नव्हता.

"आजी असंही सांगायची की तुम्ही लहानपणापासून मितभाषी. तिचं कोण ऐकायचं?"

हसली, पण डोळे हसले नाहीत. मग हळूच म्हणाली. हळू म्हणजे आमच्या घरातलं हळू. "बाबा, दोन वर्षांचा होत आला. तो मला एकदाही 'आई' म्हणाला नाही."

मी तिला तिच्या लहानपणीची गोष्ट सांगायला लागलो, तर ती उठून हातपाय धुवायला गेली.

१२ मार्च

बागेत निवृत्त शिंपी भेटले. त्यांची नात भुंग्याएवढीच, पण कात्री जशी कापडात शिरते तशी तिची जीभ. "तो कुत्रा माझा नाही. तो त्या काकांचा आहे. तो मला चावला तर मी त्याला चावीन."

"आमची ही टकळी," शिंपी म्हणाले. "तुमचे साहेब काय म्हणतात?"

मी म्हणालो, "कविता म्हणतात."

कसं तोंडातून गेलं कुणास ठाऊक. शिंपी चकित होऊन वाळूत बसलेल्या भुंग्याकडे बघायला लागले, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

तेवढ्यात कुंपणापलीकडे एका मालट्रकने असा भोंगा वाजवला की माझ्यासारखा माणूससुद्धा दचकला. टकळीने भोकाड पसरलं. भुंगा मात्र वाळूचा ढीग थापटत बसलेला. मान वर केली नाही. मी शिंप्यांना म्हणालो, "एकाग्रता बघा." शाळेत आमच्या वर्गात असा एक मुलगा होता, खिडकीबाहेर वरात गेली तरी त्याचं गणित चालूच.

घरी येईपर्यंत तो भोंगा डोक्यातून जाईना. खोटं बोललो म्हणून असेल.

२० मार्च

लेकीने आज परीक्षा घेतली. मला म्हणाली, त्याला मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसा. स्वतः मागे उभी राहिली आणि पत्र्याचा डबा जमिनीवर टाकला. भुंगा गर्रकन वळला! पुन्हा टाकला, पुन्हा वळला.

"पाहिलंस?" मी म्हणालो. "ठणठणीत आहेत कान. बोलेल, त्याच्या मर्जीने बोलेल. कळीला काय कुणी हाताने उघडतं?"

लेक मटकन खालीच बसली आणि बऱ्याच दिवसांनी मोकळं हसली. भुंग्याचे इतके पापे घेतले की तो वैतागला.

ही दारात उभी राहून बघत होती. मला म्हणाली, "तुम्ही दचकलात."

"दचकणारच. डबा केवढ्याने आदळला! मांडीपर्यंत जमीन हादरली."

"तेच म्हणतेय मी."

काय 'तेच', ते काही सांगितलं नाही. बायकांना चांगल्या दिवशी मिठाचा खडा टाकल्याशिवाय राहवत नाही.

२ एप्रिल

मला आयुष्यात असा श्रोता मिळाला नव्हता. मी म्हणायला लागलो की भुंगा माझ्या छातीला गाल लावतो आणि तळवा गळ्यावर ठेवतो. हलत नाही. मध्येच मी खिडकीबाहेर बघितलं तर दोन्ही हातांनी हनुवटी धरून माझं तोंड आपल्याकडे वळवतो. ओठांकडे असा बघत राहतो की जणू शब्द तिथून बाहेर पडताना त्याला दिसतात.

पंपघरात मी मोटारींना कविता म्हणून दाखवायचो. रात्रपाळीचे सोबती म्हणायचे, मोटार बिघडेल अशाने. आता त्या सगळ्या कविता, पहिलीपासून सातवीपर्यंतच्या, याच्या हवाली करतो आहे. दिवसभर. क्षणभरसुद्धा त्याला एकटं वाटू देत नाही.

९ एप्रिल

भांडण झालं. मोठ्याने बोलणं नव्हे, खरं भांडण.

लेकीने कान तपासायची वेळ घेतली आहे. मी म्हणालो, "डबा टाकून झाला ना? डॉक्टरकडे नेलं की ते काहीतरी शोधून काढणारच. त्यांचा धंदा आहे."

"माझाही तोच धंदा आहे, बाबा. माझ्याकडे माणसं येतात, तक्ता घडाघडा वाचतात. मी तक्ता बदलते, मग गप्प होतात. पाठ करून आलेली असतात. लबाडी नसते त्यांची. त्यांना वाटतं, आपल्याला दिसतंय."

"मग याचा काय संबंध?"

"मला माहीत नाही! म्हणून तर जायचंय." मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुम्ही म्हणता तो 'आबा' म्हणाला. परवा म्हणालात 'दे' म्हणाला. मी असले की एक अक्षर नाही, आई असली की नाही. खरं सांगा, तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं."

"नक्की?"

"सांगितलं ना एकदा!"

ती आत निघून गेली. ही म्हणाली, "पोरीच्या डोळ्याला डोळा नाही आठ दिवस. आणि तुमची आकाशवाणी आपली चालूच."

आता एकटा बसून लिहितो आहे, तेव्हा इथे तरी खरं लिहावं. मी ओठ पाहिले. ओठ हलले होते. बाकीचं माझ्या मनाने ऐकलं असेल. पण मनाला इतकं साफ ऐकू येतं, ते खोटं कसं म्हणावं?

१६ एप्रिल

जे झालं ते क्रमाने लिहितो.

कान तपासणाऱ्या बाई लेकीच्याच वयाच्या. खोली लहान, भिंतींना जाड गादीसारखं कापड. आत गेल्यावर मला वाटलं, कुणी माझ्या डोक्यावर उशी ठेवली. मी भुंग्याला घेऊन बसणार, तर बाई म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही कोपऱ्यात बसा. त्याला खाली सतरंजीवर बसू दे. कुणी हात लावायचा नाही."

लेकीच्या कानांवर त्यांनी मोठे हेडफोन चढवले. म्हणाल्या, आईने आवाज ऐकला की आईचा चेहरा बदलतो आणि मूल तो चेहरा वाचतं. हे ऐकून हिची आठवण झाली. का झाली ते तेव्हा कळलं नाही.

भुंगा रंगीत कड्या काठीत ओवत बसला. बाई काचेपलीकडे. त्यांच्यासमोर एक बारीक दिवा होता. तो लागला की आवाज सोडलेला असतो, हे मी थोड्या वेळाने ताडलं. दिवा लागला. मला काही ऐकू आलं नाही. भुंगा कड्या ओवतोय. पुन्हा लागला. काही नाही. पुन्हा. पुन्हा. मी मनात म्हणत होतो, वळ रे. वळ ना. माझं सोड, मी म्हातारा आहे. तू वळ.

मग एक आवाज आला. मला ऐकू आला. मी मान वळवली, आणि भुंग्यानेही वळवली. दोघांनी एकाच वेळी, एकाच बाजूला.

लेक आमच्यासमोर बसली होती. हेडफोनमुळे तिला कशाचाच पत्ता नव्हता. तिला फक्त आम्ही दिसलो, नातू आणि आजा, एकदम वळलेले. तिचा चेहरा मी या वहीत लिहू शकत नाही.

नंतर बाईंनी विचारलं, "घरी याला हाक कशी मारता?"

"पाय आपटतो..." लेक म्हणाली. "दिवा लावतो, विझवतो... समोर जाऊन..." आणि तिथेच थांबली. तिने तोंडावर हात ठेवला.

बाई म्हणाल्या, "हे कुणासाठी करता?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. भुंग्यानेसुद्धा, कारण सगळे बघत होते.

१७ एप्रिल

लिहवत नाही.

वाळूतला ढीग. डबा पडल्यावर माझं दचकणं. पाठीवरचा माझा हात. गळ्यावरचा त्याचा तळवा. कविता ऐकत नव्हता तो. हाताने चाचपत होता.

लेक स्वयंपाकघरात हिला सांगत होती, तिचं तोंड दाराकडे होतं म्हणून ओठांवरून कळलं, "मी दिवसभर परक्यांना विचारते, हे स्पष्ट दिसतं का ते. आणि घरात माझं मूल..." ही तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला आत जायचं होतं. मी दाराशी उभा राहून परत फिरलो.

२५ एप्रिल

भुंग्याला झोपवून, डोक्याला तारा लावून पुन्हा तपासलं. तेच निघालं. दोन्ही कानांनी मोठा आवाज तेवढा पोचतो. साधं बोलणं पोचत नाही. दोन्ही कानांना मशीन लागणार, आणि मग बोलायला शिकवावं लागणार.

लेकीने विचारलं, "उशीर झाला का?"

बाई म्हणाल्या, "लवकर आला असता तर बरं झालं असतं. उशीर झाला का, ते मी आज सांगू शकत नाही. खोटा धीर मी देत नसते."

लेकीने मान हलवली. मला वाटतं, गेल्या कित्येक महिन्यांत तिला पहिल्यांदाच कुणीतरी मनाचं न सांगता माहितीतलं सांगितलं. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "चुकलं माझं." ती म्हणाली, "भुंग्याला घ्या, माझ्या हातात फाईल आहे." मी घेतलं. त्याने सवयीने गळ्यावर तळवा ठेवला. मी रस्ताभर गप्प राहिलो, तर त्याने माझा गळा दाबून पाहिला, बिघडला की काय म्हणून.

८ मे

मशीनं आली. वालाच्या दाण्याएवढी, कानामागे बसतात. घातली तसा भुंगा इतका रडला की स्वतःच्या रडण्याला घाबरून आणखी रडला. मग ओरबाडून काढली. संध्याकाळी एक गायब. ही ओरडली, "कुणी पाऊल उचलू नका! चिरडेल!" आम्ही तिघं चार पायांवर घरभर. शेवटी माझ्या चपलेत सापडलं. चिरंजीव ठेवून झोपी गेले होते.

आणखी एक झालं आहे. मशीनमधून ओरडणं त्याला टोचतं, म्हणून बाईंनी सांगितलंय, घरात सगळ्यांनी साध्या आवाजात बोलायचं. पाय आपटणं बंद. दिव्याचा खेळ बंद. त्याने आवाजाकडे वळायला शिकलं पाहिजे. त्यामुळे घर हळू झालं आणि मी आपल्याच घरात चित्रपटातला आवाज गेल्यासारखा बसून असतो. लेकीने परस्पर माझ्याही कानांची जूनअखेरची तपासणी ठरवून टाकली. मला विचारलंसुद्धा नाही. विचारून तरी काय, मला ऐकू थोडंच येणार होतं?

१९ मे

बोलायला शिकवण्याची रीत अशी. मूल तुमच्या तोंडाकडे बघत असताना एकच शब्द म्हणायचा. आणि थांबायचं. त्याची पाळी त्याला द्यायची.

हे थांबणं मला जमत नाही. एक ओळ आली की दुसरी तिच्या मागून येतेच, यमक हात धरून ओढतं. आज चेंडू धरून मी "चेंडू" म्हणालो, आणि लगेच "बघ कसा गोल, कसा लाल, कुणाचा चेंडू, माझ्या भुंग्याचा चेंडू" असं सुरूच झालो. हिने दंडाला चिमटा काढला. "त्याला बोलायला जागा ठेवा जरा. एवढीशी."

म्हणाली ते जिव्हारी लागलं, पण तिचा दोष नाही. पंपघरात शांतता म्हणजे बिघाड. मोटार गप्प झाली की मी धावत सुटायचो, कारण शांतता झाली म्हणजे कुठेतरी नळाखाली कुणीतरी भांडं धरून उभं आहे आणि पाणी येत नाही. तीच सवय घेऊन मी या मुलाजवळ बसलो. तो गप्प झाला की मी धावलो. तोंड उघडायच्या आत पेला हातात, चेंडू हातात, कविता कानात.

तरी भीती जात नाही. थांबलो आणि काहीच आलं नाही तर?

२७ मे

काहीच आलं नाही. रोज काहीच येत नाही. गुणगुण तेवढी आहे. लेक घरी येते, दारातूनच विचारते, "काही?" मी मान हलवतो. तिच्या खांद्यावरची पिशवी दर वेळी जरा आणखी खाली घसरते असं वाटतं.

आज एकदा मला मोह झाला. म्हणावं, हो, म्हणाला काहीतरी. निदान आजची रात्र तरी ती नीट झोपेल. तोंडापर्यंत आलं होतं.

३ जून

ही बाजारात गेली होती. घरात आम्ही दोघंच. भुंग्याला तहान लागली. त्याने माझा गुडघा धरून पेल्याकडे हात केला. मी पेला भरला, माझ्या हनुवटीशी धरला, आणि एकदाच म्हणालो, "पाणी."

थांबलो.

त्याने पेला ओढला. मी दिला नाही. त्याने गुडघ्यावर चापट मारली. चेहरा रडवेला झाला. माझ्या आत सगळं धावायला लागलं. दे रे त्याला, पाण्यासाठी कुणाला अडवायचं नसतं, जन्मभर दुसरं काय केलंस? पण थांबलो. तो माझ्या ओठांकडे बघत होता. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

मग त्याचे ओठ मिटले. आणि उघडले.

मी लगेच पाणी दिलं. तो गटागटा प्यायला.

नाचलो नाही. खिडकीतून कुणाला हाक मारली नाही. ही आली तरी काही बोललो नाही. संध्याकाळपर्यंत पिंजऱ्यातल्या प्राण्यासारखा या खोलीतून त्या खोलीत.

लेक आली. "काही?"

मी म्हणालो, "पाणी हवं होतं त्याला. मी शब्द म्हणून थांबलो. त्याचे ओठ मिटले आणि उघडले."

"आवाज?"

"ते मला माहीत नाही."

"थोडासा तरी..."

"बाळ, मी खरंच सांगू शकत नाही. ओठ पाहिले. ऐकलं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, चिडेल. ती जवळ आली, माझ्या दंडावर क्षणभर हात ठेवला, आणि पिशवी खांद्यावरून उतरवली. पेला भरला. भुंग्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली. हिने शेगडी बंद केली आणि पदराला हात पुसत तिथेच उभी राहिली.

लेकीने पेला हनुवटीशी धरला. तिचे ओठ म्हणाले, "पाणी." मग मिटले.

भुंगा पेल्याकडे बघत होता. मग तिच्याकडे. मला त्याची पाठ आणि कानामागची ती दोन मशीनं एवढंच दिसत होतं, म्हणून मी लेकीच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. शब्द आलाच तर मला तो ऐकू येणार नव्हता, पण तिथे दिसला असता.

वेळ गेला. बराच गेला. मग तिची मान किंचित कलली, फार बारीक आवाज कानावर आला की माणसाची कलते तशी. ती हसली नाही, रडली नाही. तिने त्याला घोटभर पाणी पाजलं, पेला मागे घेतला, आणि पुन्हा थांबली.